गणपतीची वायर

“बिल इला की नुसतो आकडो बघू नको गो. घरातलो माणूस कसो आसा, ता बिलात दिसता.”

मोठ्या आईने हे सांगितलं तेव्हा जान्हवीच्या हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. मरोळच्या या नव्या इमारतीच्या पॅसेजमध्ये, दोन सख्ख्या भावांच्या समोरासमोरच्या दारांच्या मधे उभं राहून, थोरली चुलतसासू रत्नप्रभा नव्या सुनेला शिकवत काय होती, तर लाईटबिल वाचायला. जान्हवीने मान डोलवली आणि आत जाऊन देवेशला म्हटलं, “तुझी मोठी आई पत्रिकेऐवजी लाईटबिल बघते का रे?”

देवेश हसला. मग त्याने सांगितलं, की जुन्या चाळीत अख्ख्या मजल्याला कंपनीचा एकच मीटर होता आणि खोलीगणिक आपापला छोटा मीटर. ते वाचून कुणाच्या वाट्याला किती, हे मोठी आई ठरवायची. शेजारच्या धोंडूचा मीटर पळाला, की पैसे मागायच्या आधी ती पेजेची वाटी घेऊन त्याच्याकडे जायची. रात्रभर दिवा जळतोय म्हणजे कुणीतरी जागं आहे, जागं आहे म्हणजे दुखतंखुपतंय. तिचा अंदाज कधी चुकला नाही म्हणे.

सासरच्या सगळ्याच गोष्टी ऐकतात तशी जान्हवीने ही ऐकली आणि सोडून दिली. ती बीएस्सी झालेली. बिल म्हणजे युनिट गुणिले दर. त्यात माणसं कुठून आली?

पुढे दिशा झाली. यंदा होळीपासून बिल चढायला लागलं. आधी थोडं, मग बरंच, आणि मे महिन्याचं आलं ते मागच्या उन्हाळ्याच्या अडीचपट. सासूबाईंनी ते दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ धरावं तसं, जान्हवीसमोर टीपॉयवर ठेवलं.

“घ्या. थंडगार झोपायची किंमत.”

“आई, एसी गेल्या वर्षीही होता.”

“गेल्या वर्षी रात्रीचा होता. आता दुपारीसुद्धा दार लावून घेता मायलेकी.”

“डॉक्टरांनी खिडकी उघडू नका म्हणून सांगितलंय. समोर काम चालू आहे, सगळी धूळ आत येते. दिशाची छाती कशी वाजते ते तुम्ही ऐकलंय.”

“आम्ही पण पोरं वाढवली,” सुलक्षणाबाई म्हणाल्या, “गिरणीच्या धुरात.” आणि एसीचा रिमोट उचलून त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवला. किल्ली कमरेला.

त्या रात्री दिशा खोकत राहिली. खिडकी उघडली तर धूळ, बंद ठेवली तर भट्टी. जान्हवीने तिला मांडीवर घेऊन वाफाऱ्याचं मशीन लावलं, आणि दर वेळी ते घरघरलं की पलीकडच्या खोलीत सासूबाई जागच्या जागी खाकरल्या. देवेश म्हणाला, “जाऊ दे ना यार, दोन दिवस. शांत होईल ती.” सासरे, काशीराम, काहीच म्हणाले नाहीत. ते होळीपासूनच काही म्हणत नव्हते. बिलाचा विषय निघाला की उठून पॅसेजमध्ये फेऱ्या मारायचे. जान्हवीला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला कटकट नको असते.

तिची खात्री होती की मीटर नादुरुस्त आहे. तिने तक्रार केली. कंपनीची माणसं आली, मीटरला आपलं यंत्र जोडून बघून गेली, आणि मीटर अगदी बरोबर असल्याचा निरोप आला. मग ती दिशाला काखोटीला मारून कार्यालयात गेली.

खिडकीमागच्या बाई तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी पडद्यावर बघितलं, जान्हवीकडे नाही.

“मॅडम, मीटर ओके आहे.”

“मग एवढे युनिट आले कुठून?”

“ते तुम्ही सांगा ना. वापर तुमचा आहे.”

“आम्ही महिनाभर एसी जवळजवळ बंद ठेवलाय. तरी वाढलंय. तुम्हाला हे विचित्र नाही वाटत?”

“उन्हाळ्यात सगळेच येतात मॅडम. सगळ्यांचा एसी बंदच असतो.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. जान्हवीचे कान तापले. “माझ्या मुलीचं मशीन लाईटवर चालतं. तुम्ही उद्या लाईन कापलीत तर मी तिला घेऊन इथे, या खिडकीत येऊन बसेन. चालेल?”

बाईंनी आता पहिल्यांदा वर बघितलं. दिशाने त्यांच्याकडे बघून नाक फेंदारलं.

“तक्रार असली तरी बिल भरावं लागतं, तो नियम मी नाही केला,” त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. “एक करा. घरातला मेन स्विच पाडा आणि कुणाला तरी मीटरपाशी उभं करा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला तर वापर तुमच्याच घरातला. नाही थांबला तर कुठूनतरी लाईन बाहेर जातेय. मग आमच्याशी नाही, शेजाऱ्यांशी भांडा. नेक्स्ट.”

रविवारी हर्षद आला. मोठ्या आईचा मुलगा, देवेशचा थोरला चुलतभाऊ, बोरिवलीला राहणारा. सख्ख्या आईच्या दाराची बेल न वाजवता तो आधी समोर, काकाकडे आला, यातच त्या घराची गेल्या दोन वर्षांची कहाणी होती. कोपऱ्यावरचा मोठा फ्लॅट थोरल्याला मिळाला यावरून भावाभावांचा अबोला झालेला. थोरला हॉस्पिटलात गेला तरी काशीराम त्याला बघायला गेले नाहीत, आणि तो तिथेच वारल्यावर मोठ्या आईने या दाराकडे पाठ फिरवली ती फिरवली. गणपतीला फक्त आरतीपुरतं या घराने त्या घरात जायचं, आणि पाणीही न पिता परतायचं.

हर्षद आला होता तो गणपतीचा पाट न्यायला. दर वर्षी ज्या घरातून पाट मूर्तिकाराकडे जातो त्या घरात मूर्ती येते, ही या कुटुंबाची रीत. मूर्तिकाराने यंदा पाट लवकर मागितला होता, आणि हर्षदला गणपती बोरिवलीला हवा होता.

“काका, तुमचा शब्द पाहिजे, बाकी काही नाही. आईचं तुम्हाला माहीत आहे. ती म्हणते काशीराम हो म्हणाला तर पाट देईन.”

“ती म्हणाली असं?” काशीरामांनी विचारलं. “बोलली तुझ्याशी?”

“फोनवर. महिन्यापूर्वी. तेच तेच बोलत होती, जाऊ दे.” त्याने टीपॉयवरचं बिल उचललं आणि शीळ घातली. “हे काय काका? आत गिरणी परत चालू केली की काय?”

सुलक्षणाबाईंना आयता साक्षीदार मिळाला. “तूच सांग बाबा. मी बोलले तर मी सासू.”

“जान्हवी, सव्वीसवर ठेवायचा एसी,” हर्षद पाय लांब करत म्हणाला. “आमच्याकडे आम्ही सव्वीसच्या खाली जातच नाही. सवय लागते पोरांना थंडीची, मग दवाखाने.”

“एसीचा रिमोट आईंच्या कपाटात आहे, हर्षददादा. तुम्ही त्यांना सांगा सव्वीसवर ठेवायला.”

“बघितलंस?” सुलक्षणाबाई म्हणाल्या. “असं उत्तर असतं.”

“मग कसं असावं?” जान्हवी उभी राहिली. दिशा पॅसेजच्या दारापाशी आपल्या बाबागाडीत बसून चप्पल चावत होती, तिची चप्पल काढून घेत ती म्हणाली, “होळीपासून मी ऐकतेय. जान्हवीचा एसी, जान्हवीचं वॉशिंग मशीन, जान्हवीच्या मुलीचं मशीन. आज सगळे आहात ना? मग सगळ्यांच्या देखत होऊन जाऊ दे. देवेश, खाली मीटर रूममध्ये जा आणि फोन चालू ठेव.”

“आत्ता? जेवण—”

“आत्ता.”

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की देवेश चप्पल न घालता गेला.

दाराच्या आतल्या बाजूला, वर, मेन स्विच. जान्हवीने स्टुलावर चढून तो पाडला. पंखा मंदावला, फ्रीज एक उसासा टाकून गप्प झाला. घरात अचानक इतकी शांतता झाली की समोरच्या बांधकामावरची हातोडी घरातच वाजतेय असं वाटलं.

“पाडला,” ती फोनमध्ये म्हणाली. “थांबला ना?”

“नाही.”

“नीट बघ. आपलाच मीटर बघतोयस ना?”

“फ्लॅट नंबर लिहिलाय गं वर. लुकलुकतोय. नुसता लुकलुकत नाही, फडफडतोय.”

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं. जान्हवीला क्षणभर हसू यावं तसं झालं, इतके महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. मग त्या जागी राग येऊन बसला.

“चोरी आहे,” ती म्हणाली. “कुणीतरी आपल्या लाईनवर आहे. ऐकलंत ना आई? मी नव्हते. एसी नव्हता. उद्या पोलीस आणते मी, बघाच.”

“लाव तो मेन,” काशीराम म्हणाले. “उकडतंय.”

ते इतकंच म्हणाले. पण जान्हवी स्टुलावर उभी होती आणि तिथून तिला सगळ्यांचे चेहरे एका नजरेत दिसत होते. सासूबाई गोंधळल्या होत्या. हर्षद मोबाईल बघत होता. सासरे मात्र तिच्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते तिच्या डोक्याच्या वर.

तिने मान वर केली.

मेन स्विचच्याही अलीकडून, जिथे खालून येणारी जाड केबल घरात शिरते तिथूनच, एक पांढरी प्लास्टिकची पट्टी निघाली होती. ती दाराच्या चौकटीवरून बाहेर जात होती, पॅसेजच्या छतावरून, गेल्या गणपतीच्या उरलेल्या झिरमिळ्यांमधून, समोरच्या दारावरच्या झडपेत. रोज येता-जाता दिसायची. दिसायची म्हणूनच कुणी बघत नव्हतं.

“ही कसली?”

“ती?” सुलक्षणाबाई म्हणाल्या. “ती गणपतीची वायर.”

ती वायर का होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. देव थोरल्याच्या घरी बसायचा, पण त्याच्यासमोरचा दिवा धाकट्याच्या घरच्या विजेवर लागायचा. दोघा भावांचा गणपती एक, म्हणून आजोबांनी घालून दिलेली पद्धत. या इमारतीतल्या पहिल्याच वर्षी ऐन आरतीत धाकट्याकडचा स्विच पडला आणि देवापुढे अंधार झाला. थोरल्याच्या मनाला ते लागलं. त्याने वायरमन आणून ती लाईन मेनच्याही आधी जोडून घेतली. घरात काहीही पडो, देवाचा दिवा पडता कामा नये. कंपनीला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. देवाचं काम.

जान्हवीने पट्टीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पट्टी गरम होती. चार माळांसाठी घातलेली ती बारीक वायर, आणि तिच्या बरोबर खाली दिशाची बाबागाडी.

तिने उडी मारून पोर उचललं.

“मग प्रश्नच मिटला,” हर्षद उठला. “तोडून टाका. गणपती तर आता बोरिवलीला जाणार. स्टूल द्या इकडे.”

“हात लावू नको,” काशीराम म्हणाले.

“अहो काका, वायरच तर आहे.”

“हर्षद, हात लावशीत तर बघ.”

काशीराम एरवी आवाज चढवणारे नव्हतेच. हर्षदचा हात स्टुलावरच राहिला.

“समोर लाईट कुठे आहे?” काशीराम म्हणाले, आणि आता ते जान्हवीकडे बघून बोलत होते, जणू उत्तर द्यायचं ते तिलाच. “दिवाळीनंतर कंपनीची माणसं मीटर काढून घेऊन गेली. मी खाली होतो तेव्हा. बिल भरलं नव्हतं म्हणे कुणी. त्या दिवसापासून वयनी ह्याच वायरीवर आहे. एक पंखा, एक दिवा. त्याला नाही म्हणायचं होतं मी?”

फोनमधून देवेशचा आवाज आला, “हॅलो? मेन लावला का?”

“अहो,” सुलक्षणाबाई म्हणाल्या, “तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि मी हिचा रिमोट काढून घेतला. पोर रात्र रात्र खोकतंय. तुम्ही बघत होतात.”

“काय सांगणार होतो? तू म्हणाली असतीस, जिने दार लावलं तिला आपण उजेड का द्यायचा.”

सुलक्षणाबाई तेच म्हणाल्या असत्या, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही.

“पण बाबा, मला?” जान्हवी म्हणाली. “मला का नाही सांगितलंत? मी कंपनीच्या माणसांशी भांडले. लोक हसले माझ्यावर. तुमच्या देखत मी रोज बोलणी खाल्ली, तुम्ही उठून फेऱ्या मारायला जायचात.”

“फेऱ्या नव्हे गं. पॅसेजमध्ये उभं राहिलं की आतल्या पंख्याचा आवाज येतो. आवाज आला म्हणजे वयनी बरी आहे, एवढं कळायचं. अबोला माझा दादाशी होता. पंख्याशी नव्हता.”

“दार वाजवायचं होतं.”

काशीरामांनी समोरच्या दाराकडे बघितलं.

“वा,” हर्षद म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “म्हणजे हे तुमचं चाललंय. काका, मी बिल भरणं का बंद केलं माहितीये? एकटी राहते म्हातारी, येत नाही, ऐकत नाही. म्हटलं, लाईट गेली की दोन दिवसांत गपचूप येईल बोरिवलीला. नाही आली, म्हणून होळीच्या आधी गॅसचं बुकिंगपण थांबवलं. आणि इथे तुम्ही तिला वायर देऊन बसलात. तुमच्यामुळे ती आली नाही.”

“तू गॅसपण बंद केलास?” हे विचारलं सुलक्षणाबाईंनी. ज्या जावेचं नावही त्या घेत नव्हत्या, तिच्यासाठी. “आईचा?”

“काकी, तिच्या भल्यासाठीच—”

“माझ्या घरात उभा राहून मला भलं शिकवू नको. कुत्र्याला हाकलताना पण कोणी असं करत नाही.”

“तुम्ही दोन वर्षांत तिला एक कप चहा दिलात का, काकी?”

“आणि तू? आज आलास तो पाट न्यायला आलास. आधी आईकडे गेलास?”

जान्हवी मात्र त्या भांडणात नव्हती. तिच्या डोक्यात मघाचं एक वाक्य अडकलं होतं. एक पंखा, एक दिवा. तेवढ्याने बिल अडीचपट होत नाही. तेवढ्याने मीटर फडफडत नाही आणि पट्टी हाताला चटका देत नाही. गॅस नाही म्हणजे ती विजेवर रांधते, ठीक. पण एका म्हातारीचं रांधणं असतं किती? सकाळी भात, संध्याकाळी पेज. आणि आत्ता भर दुपारी, जेवणं उरकायच्या वेळेला, मीटर पळतोय. महिनाभर दिवसरात्र पळत असल्याशिवाय एवढे युनिट होणार नाहीत.

घरातलो माणूस कसो आसा, ता बिलात दिसता.

“गप्प बसा,” ती म्हणाली. “सगळे गप्प बसा. तिच्या घरात काहीतरी चालूच राहिलंय.”

तिने दिशाला सासूच्या कडेवर दिलं आणि पॅसेज ओलांडला. बेल वाजली नाही. अर्थात, बेलला वीज कुठली. तिने तळहाताने दार बडवलं. मग मुठीने. हर्षद मागे येऊन उभा राहिला होता. “आई,” तो म्हणाला, आधी हळू, मग मोठ्याने.

बराच वेळ गेला. मग कडी निघाली.

मोठी आई वाळली होती. अंबाडा नीट, पातळ स्वच्छ, पण चोळी उलटी. तिने सगळ्यांना एकेक करून बघितलं आणि जान्हवीवर येऊन थांबली.

“खय होतंस गो इतके दिवस? ये, बस. चाय ठेवलंय.”

आत जळका वास होता. हॉलच्या कोपऱ्यात, जिथे दर वर्षी मखर लागायचं तिथेच त्या वायरीवरचा एकमेव बोर्ड होता, आणि त्यामुळे सगळा संसार त्या बोर्डाभोवती गोळा झाला होता. पंखा तिथे, दिवा तिथे, अंथरूण तिथे. जमिनीवर कॉइलची शेगडी. कॉइल लालबुंद, आणि तिच्यावर काहीच नाही. चहाचं भांडं बाजूला, रिकामं, कोरडं. भिंतीशी टेकून भांडी ओळीने लावली होती. घासून लख्ख केलेली, आणि प्रत्येकाचा तळ काळा, एकदोघांना तर भोकच पडलेलं.

“मोठी आई, ही कधी लावलीत?”

“आत्ताच पेटवलंय.”

“आणि सकाळी?”

मोठी आई विचारात पडली. “सकाळी,” ती म्हणाली, आणि पुढचं तिला सापडेना.

सुलक्षणाबाईंनी दिशाला काशीरामांकडे दिलं, पुढे होऊन प्लग उपसला. गणपतीचा पाट भिंतीला उभा होता, शेगडीपासून वीतभर अंतरावर. हर्षदने तो उचलला. ज्यासाठी आला होता तो पाट त्याच्या हातात होता, आणि त्याचा एक कोपरा जळून कोळसा झाला होता. तो अंगठ्याने कोळसा पुसत राहिला. पुसून जाणार होता थोडाच.

मोठ्या आईचं लक्ष जान्हवीच्या हाताकडे गेलं. बिल अजून तिच्या मुठीत होतं, चुरगळलेलं.

“बिल इला?”

“हो.”

“वाढला?”

“खूप वाढलं, मोठी आई.”

मोठ्या आईच्या चेहऱ्यावर काळजी आली. जुनी, चाळीच्या व्हरांड्यातली, पेजेची वाटी घेऊन निघायच्या आधीची. तिने जान्हवीच्या दंडाला धरलं.

“मगे कोण आजारी आसा घरात?”

काशीराम दारातच उभे होते, नात कडेवर, उंबरा ओलांडावा की नाही या विचारात. त्यांच्याकडे बघून मोठी आई म्हणाली, “काशीराम, अबोलो सोडलंस काय रे?” आणि म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“चल आई,” हर्षद म्हणाला. “आत्ताच्या आत्ता बोरिवलीला. मी गाडी बोलावतो.”

“अंधार करून न्यायला जमलं नाही, म्हणून आता उजेडात ओढून नेताय?” जान्हवी म्हणाली. “आधी डॉक्टर. मग तिला विचारा. तिला कळेल तेवढं, कळेल तेव्हा. आणि उद्या कंपनीत जायचं, थकलेलं भरायचं, इथे मीटर परत लावून घ्यायचा. मी येते सोबत. तिथली बाई ओळखते मला.”

“तू कोण गं मला सांगणारी?”

“जिच्या मुलीच्या डोक्यावरून ती वायर जाते, ती.”

देवेश तेवढ्यात धापा टाकत वर आला. हातात फोन तसाच. “फडफडायचा थांबला,” त्याने दारातूनच सांगितलं. “मीटर मंद झाला. काय केलंत तुम्ही?” मग त्याने आत बघितलं, आणि फोन बंद केला.

संध्याकाळी सुलक्षणाबाईंनी समोर भाताची पेज नेली, आणि येताना कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. रिमोट दिशाच्या बाबागाडीत टाकला. माफी वगैरे मागितली नाही. त्या घरात ती रीत नव्हती. जान्हवीनेही तो लगेच उचलला नाही. तिचा राग उतरला नव्हता. सासऱ्यांवरचा नाही, हर्षदवरचा तर नाहीच. लाईट कापली की माणूस येतं, आणि पंखा वाजतोय म्हणजे माणूस बरं आहे, हे दोन्ही एकाच घरातले हुशार पुरुष धरून चालले होते, आणि मधे एक बाई रिकाम्या शेगडीसमोर बसून होती.

समोरचं थकलेलं भरून जान्हवी आपली तक्रार मागे घेत होती, तेव्हा कंपनीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “मिळालं का लीकेज?”

“मिळालं,” जान्हवी म्हणाली. “शेजाऱ्यांशी भांडले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे.”

तेव्हापासून ती ज्याला त्याला हटकते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, दिशाच्या डॉक्टरांच्या बाकड्यावर, कुणी बिलाचं रडगाणं गायला लागलं की विचारते, घरी म्हातारं कोण आहे, शेजारी एकटं कोण राहतं, शेवटचं कधी बघितलंत. लोकांना वाटतं बाईचं डोकं फिरलंय. वाटू दे.

हे वाचणाऱ्यालाही तिचं तेच विचारणं आहे. तुमच्याही मजल्यावर एक दार असेल. आतून पंख्याचा आवाज येतो, टीव्हीचा येतो, म्हणून तुम्ही पुढे जाता. भांडण असेल, अबोला असेल, तुमचं बरोबरही असेल. पण आवाजावर जाऊ नका. पुस्तक बाजूला ठेवा, चप्पल नाही घातलीत तरी चालेल, आणि ते दार वाजवा. आतून म्हणतील, “आहे मी, बरी आहे.” तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा. शेगडी बघा.